शॉटब्लास्टिंग मशीन विकायचं की तासावर द्यायचं?

प्रश्न असा आला आहे. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत शॉटब्लास्टिंग मशीन, म्हणजे स्टीलचे बारीक गोळे (शॉट) जोराने मारून कास्टिंग साफ करणारं मशीन, बनवणारा छोटा कारखाना आहे, वर्षाला वीसेक मशीन बाहेर पडतात. शिरोलीतल्या दोन फौंड्र्यांना नवं मशीन हवं आहे, पण त्यांचं म्हणणं, ‘वीस लाख एकदम अडकवायचे नाहीत. मशीन तुमच्याच नावावर राहू दे, आम्ही टनामागे पैसे देतो.’ हे करावं का, दर कसा काढावा आणि करारात काय घालावं?

करा. पण टनावर करू नका, आणि पहिल्याच फटक्यात नवं मशीनही भाड्यावर ठेवू नका. तासावर करा, तोही घड्याळाचा तास नव्हे तर भाराखाली चाललेला तास. हे तीन मुद्दे का, ते खाली सविस्तर लिहितो, कारण या धंद्यात बुडणारे बहुतेक जण मशीन वाईट म्हणून बुडत नाहीत, मोजमाप चुकीचं धरल्यामुळे बुडतात.

कामाच्या मापावर पैसे घेणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. इचलकरंजीत जॉबवर कापड विणणारा यंत्रमागधारक पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी घेतो, ऊसतोड टनावर चालते, फौंड्रीत फेटलिंगचा, म्हणजे कास्टिंग घासून-छिलून साफ करण्याचा, ठेकेदार किलोवर किंवा नगावर काम करतो. जगात याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण विमानाच्या इंजिनाचं आहे. १९६२ मध्ये ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने आपल्या वायपर इंजिनासाठी उड्डाणाच्या तासामागे ठरावीक रक्कम घेऊन देखभाल आणि सुटे भाग देण्याची योजना काढली. पुढे ती कंपनी रोल्स रॉइसमध्ये गेली आणि ही पद्धत त्यांच्या धंद्याचा मोठा आधार झाली. १९८८ पासून वस्तू विकण्याकडून सेवा विकण्याकडे जाण्याच्या या बदलाला ‘सर्व्हिटायझेशन’ असं नावही आहे. त्याच विषयाच्या अभ्यासकांनी ‘सर्व्हिस पॅराडॉक्स’ असा दुसरा शब्दही रूढ केला आहे: सेवेकडे वळलेल्या कारखान्यांची उलाढाल वाढते, पण खर्च त्याहून वेगाने वाढून नफ्याचं प्रमाण खाली येऊ शकतं. हा दुसरा शब्द भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

आधी तुमच्या धंद्यात नेमकं काय उलटं होतं ते पाहा. आज मशीन विकताना दोन पैसे सुटतात आणि पुढची दहा वर्षं शॉट फेकणाऱ्या व्हीलची ब्लेड, शॉटच्या माऱ्याची दिशा ठरवणारी कंट्रोल केज, मशीनच्या आतल्या भिंती वाचवणारे लाइनर विकून चार पैसे सुटतात. ब्लेड लवकर झिजलं तर तुमची विक्री वाढते. मशीन तासावर दिलं की तेच ब्लेड तुमच्या खिशातून जातं. म्हणजे स्पेअर ही कमाई होती, ती आता खर्च होते. डिझाइन, खरेदी, सर्व्हिसच्या माणसाचा पगार, सगळ्याची दिशा यामुळे बदलते. स्पेअरच्या विक्रीवर इन्सेंटिव्ह घेणारा माणूस या करारांवर ठेवू नका. त्याला ब्लेड जास्त तास टिकवल्याबद्दल पैसे द्या. स्वस्तातल्या लाइनरने तुम्ही आजवर किंमत खाली ठेवली असेल, तर भाड्याच्या मशीनला मँगनीज स्टीलचे लाइनर आणि चांगल्या हायक्रोमचीच ब्लेड लावा. ब्लेड बदलायला अर्धा दिवस लागत असेल तर ती बसवण्याची पद्धत बदला. ग्राहकाच्या वेळेचा हा खर्च आता तुमच्याच नावावर पडणार आहे.

आता हिशोब. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घालून पुन्हा करा. पद्धत तीच राहील.

समजा दोन व्हीलचं, प्रत्येकी १५ एचपीचं हँगर टाइप मशीन आहे, म्हणजे जॉब (साफ करायची कास्टिंग) आत लटकवायचं. तुम्हाला ते १५ लाखांना पडतं. ही रक्कम ११ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायची तर महिन्याचा हप्ता साधारण ३२,६०० रुपये. विमा २,०००. सर्व्हिस टेक्निशियनचा वाटा ६,०००. म्हणजे मशीन एक तासही चाललं नाही तरी ४०,६०० रुपये जाणारच.

दोन शिफ्टला २५ दिवस म्हणजे शिफ्टचे ४०० तास. पण जॉब अडकवणं, उतरवणं, क्रेनची वाट बघणं वजा केलं तर व्हील त्यातले २४० तास फिरतील असं धरू. ब्लेडचा एक सेट म्हणजे आठ ब्लेड, किंमत ५,०००, आयुष्य ४०० तास: दोन व्हील मिळून महिन्याला ६,०००. इंपेलर (ब्लेडकडे शॉट ढकलणारा भाग) आणि कंट्रोल केजची जोडी ४,०००, दर ८०० तासांनी: २,४००. कॅबिनेटचे लाइनर दीड लाखाचे, ५,००० तास: ७,२००. डस्ट कलेक्टरच्या बॅगा, शॉट परत वर नेणाऱ्या एलिव्हेटरचा बेल्ट, बेअरिंग मिळून ४,०००. स्टील शॉट तासाला ३ किलो, ७० रुपये किलोने: ५०,४००. हे सगळं बरोबर ७०,००० होतं, म्हणजे तासाला २९२ रुपये.

वीज यात मुद्दाम धरली नाही. वीज ग्राहकाच्याच मीटरवर राहू दे. तुम्ही ती अंगावर घेतली तर रिकामं मशीन चालू ठेवायला त्याला काहीच वाटणार नाही.

एकूण खर्च १,१०,६००. मशीन कधी रिकामं बसेल, कधी फौंड्री सोडून जाईल, त्यासाठी ११,००० बाजूला टाका. १,२१,६०० झाले. महिन्याचं बिल १,४०,००० धरलं तर हाती १८,४०० राहतात. वाईट नाही. आता या नफ्याला काय काय चावतं ते पाहू.

टनाचा दर इथेच फसतो. २४० तासांत २९० टन गेले तर १,४०,००० म्हणजे टनाला ४८३ रुपये, कागदावर ठीक दिसतं. पण दोन किलोचा ब्रॅकेट आणि दीडशे किलोचं हाउसिंग यांचा ब्लास्टिंगचा वेळ वजनाच्या प्रमाणात नसतो. पातळ, खोबणीचे, कोअरची (आतली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याची) वाळू चिकटलेले जॉब हँगरमागे बारा-पंधरा मिनिटं खातात. ठोकळ जॉब सहा मिनिटांत चकचकीत निघतो. फौंड्रीने पुढच्या वर्षी नवं काम घेतलं, जॉब हलके झाले, तुमचे तास तेवढेच आणि टन निम्मे. शिवाय हीट ट्रीटमेंटनंतर तेच कास्टिंग पुन्हा ब्लास्टिंगला येतं; ते टनात दुसऱ्यांदा मोजायचं का यावर पहिल्याच महिन्यात वाद होतो. टन ग्राहकाच्या हातात आहे, झीज मात्र तुमच्या. जी गोष्ट आपल्या ताब्यात नाही तिच्यावर दर बांधणं आतबट्ट्याचं आहे.

फौंड्रीवाला टनावरच अडून बसला तर त्याच्या जॉबचे तीन गट करा, हँगरमागे लागणाऱ्या मिनिटांनुसार, आणि प्रत्येक गटाचा टनाचा दर वेगळा लिहा. नवा जॉब आला की दोघांसमोर तीन हँगर लावून वेळ घ्यायचा आणि गट ठरवायचा. पण हा दुसरा पर्याय आहे.

पहिला पर्याय दोन भागांचा दर. महिन्याला ५०,००० स्थिर, आणि तासाला ३७५. पूर्ण २४० तास चाललं तर बिल तेच १,४०,०००. फरक मंदीत कळतो. ट्रॅक्टरचं काम कमी झालं, पुण्याकडची ऑर्डर ढिली पडली, परप्रांतीय कामगार गावाला गेले, आणि तास १२० वर आले असं धरा. दोन भागांच्या दराने बिल ९५,०००, तुमचा खर्च ७५,६००. सगळंच तासावर ५८३ ने लावलं असतं तर बिल ७०,००० आणि घरातले साडेपाच हजार जाणार. स्थिर रकमेला फौंड्रीवाला कुरकुरतो. त्याला सांगा, हप्त्याने मशीन घेतलं असतं तर मंदीत बँक हप्ता अर्धा करणार होती का? आणि त्या हप्त्यात ब्लेडही मिळणार नव्हतं.

आता तो ‘भाराखालचा तास’. यावर थोडा जास्त वेळ द्या, सगळ्या कराराचा खिळा इथे आहे.

१५ एचपीची मोटर ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराला २० ते २१ अँपिअर घेते. शॉट न पडता व्हील नुसतं फिरत असेल तर ॲमीटर सात-आठच्या आसपास असतो. हॉपरमध्ये शॉट कमी असेल, व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नसेल किंवा फीड पाइपमध्ये तार, रनरचा (साच्यात धातू नेणाऱ्या वाटेत गोठलेल्या धातूचा) तुकडा अडकला असेल तर काटा बारा-तेरावर राहतो. मशीन चालू दिसतं, आवाज येतो, पण ब्लास्टिंग निम्मंच होतं; सहा मिनिटांचा जॉब अकरा मिनिटं घेतो. नुसत्या अवरमीटरवर बिल काढलं तर या अकरा मिनिटांचे पैसे तुम्हाला मिळतील, आणि तीन महिन्यांत फौंड्रीवाला तुम्हाला दारातही उभं करणार नाही. म्हणून करारात लिहा: दोन्ही व्हील १७ अँपिअर किंवा वर असतील तेवढाच वेळ बिलात धरला जाईल. त्याखालचा वेळ आमच्या नावावर. एवढं एक वाक्य ग्राहकाचा विश्वास बसवतं आणि तुमच्या टेक्निशियनलाही सकाळी उठून पहिल्यांदा ॲमीटर बघायला लावतं.

यासाठी प्रत्येक व्हील मोटरवर एक सीटी (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर), ती वाचणारा मीटर आणि पीएलसीमध्ये (मशीनच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरमध्ये) लाइट गेली तरी न पुसला जाणारा काउंटर एवढं पुरतं. मोबाईल नेटवर्कवरून आकडे पाठवणारा गेटवे लावा, पण बिल त्याच्या भरवशावर ठेवू नका. फौंड्रीच्या शेडमध्ये धूळ, उष्णता आणि शेजारच्या इंडक्शन फर्नेसचा त्रास असतो, सिग्नल जातो. मोजणी मशीनवरच व्हावी, गेटवेने फक्त ती पोचवावी. पॅनेलला सील, आणि महिन्याच्या १ तारखेला दोघांची सही असलेलं रीडिंग. पॅनेलचा दरवाजा उघडला की त्याचीही नोंद होईल असा एक लिमिट स्विच टाका.

दुसरा खिळा म्हणजे वाळू. व्हीलच्या ब्लेडला शॉट जेवढा झिजवत नाही तेवढी वाळू झिजवते. हवेच्या झोताने शॉटमधली वाळू वेगळी करणाऱ्या एअर वॉश सेपरेटरवरून शॉटचा पडदा पूर्ण रुंदीभर, अखंड पडला पाहिजे. तो एका बाजूला जमला की हवा दुसरीकडून मोकळी निघून जाते आणि वाळू शॉटबरोबर खाली येते. डस्ट कलेक्टरच्या बॅगा चोंदल्या तरी तेच. शॉटमधली वाळू एक टक्क्याच्या आत ठेवायची. दीड-दोनवर गेली की ब्लेड डोळ्यांदेखत खपतात.

तपासणी सोपी आहे, तिला प्रयोगशाळा लागत नाही. शिफ्टच्या मध्यावर सेपरेटरच्या खालून, व्हीलकडे जाणारा शॉट अर्धा किलो घ्या. लोहचुंबकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा, म्हणजे चिकटलेला शॉट पिशवी उलटी करून सहज सुटतो. ताटात नमुना पसरून चुंबक तीन-चारदा फिरवा. ताटात जे उरेल ते काळपट, बारीक, बोटाला खरखरीत लागणारं: ती वाळू. वजन करा. पाच ग्रॅमपर्यंत ठीक. दहा ग्रॅम आले तर त्याच दिवशी सेपरेटर आणि बॅगा उघडा. हे दर आठवड्याला करायचं, आकडा वहीत लिहायचा, फौंड्रीच्या सुपरवायझरची सही घ्यायची.

सही कशासाठी? वर काढलेल्या हिशोबात ब्लेडचं आयुष्य ४०० ऐवजी १५० तास झालं, केजचं त्याच प्रमाणात ८०० चं ३०० आणि लाइनरचं निम्मं झालं, तर महिन्याचा जादा खर्च होतो २१,२००. तुमचा नफा १८,४०० होता. म्हणजे नॉकआउट (साचा फोडून कास्टिंग मोकळं करणं) नीट न करता, कोअर न फोडता, वाळूसकट जॉब हँगरवर चढवण्याची एक सवय तुमचा सगळा नफा खाऊन वर घरचे पैसे मागते. म्हणून करारात ग्राहकाची बाजू लिहून घ्या: कास्टिंग झाडून, कोअर काढून, थंड होऊनच मशीनमध्ये जाईल. सलग दोन आठवडे नमुना दीड टक्क्याच्या वर आला आणि सेपरेटर-बॅगा ठीक असतील, तर त्या महिन्याची ब्लेड ग्राहकाच्या खर्चाने. वहीतल्या सह्या नसतील तर हे कलम कोणीही मानणार नाही.

शॉटचा खप हा तिसरा, आणि वरच्या हिशोबातला सगळ्यात मोठा आकडा. यातला थोडा शॉट फुटून भुकटी होतो, तो अटळ आहे. बाकीचा चोरपावलांनी जातो. वाटीसारखे जॉब तोंड वर करून लटकवले की प्रत्येक जॉब मूठभर शॉट घेऊन फेटलिंगला जातो. दरवाज्याचं रबर फाटलं की जमिनीवर शॉट पसरतो. मग तो झाडून, वाळू, तारा, रनरच्या तुकड्यांसकट परत मशीनमध्ये ओततात आणि एलिव्हेटर अडकतो. उपाय: हँगरवर जॉब तोंड खाली करून लावायचे नमुने मशीनच्या दारावर चित्रासकट लावा, दरवाज्याचं रबर तुम्ही दर तीन महिन्यांनी न बघता बदला, आणि झाडलेला शॉट चाळणीतून आणि चुंबकावरूनच आत जाईल असा नियम ठेवा. तासाला ३ किलोपर्यंत शॉट दरात, त्यावरचा खप निम्मा-निम्मा. पूर्ण ग्राहकावर टाकलात तर दरवाज्याचं रबर कोण बदलणार यावर भांडण. पूर्ण स्वतःवर घेतलात तर झाडू कोणी मारणार नाही.

देखभालीचं वेळापत्रक तुम्हाला मी सांगायला नको, पण भाड्याच्या मशीनला दोन गोष्टींत ढिलाई चालत नाही. ब्लेड नेहमी पूर्ण सेटने बदला आणि समोरासमोरच्या जोडीतल्या वजनाचा फरक ५ ग्रॅमच्या आत ठेवा. एकच फुटलेलं ब्लेड बदलून वेळ मारून नेली की व्हील थरथरतं आणि दोन महिन्यांनी बेअरिंगचं बिल येतं. आणि कंट्रोल केज बदलली की हॉट स्पॉट बघायचाच. जुना पत्रा रंगवून हँगरच्या जागी उभा करा, न फिरवता एका व्हीलने तीस सेकंद ब्लास्ट करा. पत्र्यावर जिथे रंग पूर्ण गेला आणि जो भाग सगळ्यात तापला, तिथे शॉटचा खरा मारा आहे. तो जॉबच्या मध्यावर हवा. केजची खिडकी झिजून तिरकी झाली की हा डाग सरकतो, शॉट जॉब सोडून लाइनरवर बसतो. मग ब्लास्टिंगला वेळ लागतो आणि दीड लाखाचे लाइनरही तुमचेच जातात.

ग्राहकाकडे कुलूपबंद पेटीत ब्लेडचे दोन सेट, एक केज, एक इंपेलर, व्ही-बेल्टचा सेट, एलिव्हेटरच्या दहा बकेट बोल्टसकट, बेअरिंगची एक जोडी ठेवा. चार-पाच मशीन झाली की एक पूर्ण व्हील असेंब्ली तयार ठेवायची. बिघाड झाला की जागेवर उघडत बसायचं नाही, अख्खं व्हील बदलायचं आणि जुनं वर्कशॉपला आणायचं. आणि पावसाळ्याचं ध्यानात असू द्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि रस्ता बंद राहिला. तुमचं वर्कशॉप नदीच्या या बाजूला, ग्राहक त्या बाजूला. जूनच्या पहिल्या आठवड्यात शिरोलीच्या बाजूला एक जादा व्हील, मोटर आणि तिकडेच राहणारा एक टेक्निशियन अशी सोय लावून ठेवा, आणि पुरामुळे रस्ता बंद असलेले दिवस हमीतून वगळा.

हमी किती द्यायची? ठरलेल्या शिफ्टच्या ९५ टक्के वेळ मशीन चालू, फोननंतर चार तासांत माणूस दारात, एवढं पुरे. कमी पडलं तर स्थिर रकमेतून वजावट, पण महिन्याला १० टक्क्यांच्या वर नाही. फौंड्रीच्या ग्राहकाची लाइन थांबली तर तो फौंड्रीवर जो डेबिट (नुकसानीची वसुली) टाकतो, तो फौंड्री तुमच्याकडे सरकवायला बघेल. एका दिवसाचा तो डेबिट तुमच्या वर्षाच्या नफ्याएवढा असू शकतो. ‘कोणत्याही परिस्थितीत अप्रत्यक्ष नुकसानीची जबाबदारी नाही’ हे वाक्य नसेल तर सही करू नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून परस्पर आणलेली ब्लेड लावली तर त्या महिन्याची हमी रद्द, हेही लिहा.

पैशाची बाजू. तुम्ही आता मशीन बनवणाऱ्याबरोबर सावकारही होणार आहात आणि हे मनाशी कबूल केलं पाहिजे. मशीन विकलं असतं तर डिलिव्हरीआधी बहुतेक रक्कम आली असती. इथे १५ लाख बाहेर जाऊन ५० हजारांनी परत येतात. वीसपैकी दहा मशीन पहिल्याच वर्षी भाड्यावर दिली तर दीड कोटी अडकतील आणि मालाची उधारी चुकेल. पहिल्या वर्षी दोन, फार तर तीन. स्थिर रक्कम महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ, तासांची रक्कम रीडिंगनंतर पंधरा दिवसांत, आणि तीन महिन्यांच्या स्थिर रकमेएवढी अनामत. उद्यम नोंदणी असेल आणि तुम्ही सूक्ष्म किंवा लघु गटात असाल तर छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने लेखी करारातही ४५ दिवसांपेक्षा जास्त उधारी चालत नाही. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा.

जीएसटीत मशीन वापरायला देणं ही सेवा धरली जाते. मशीन पाठवताना विक्रीचं इनव्हॉइस काढू नका. डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिलावर जाऊ दे, कर महिन्याच्या बिलावर. कच्च्या मालावर भरलेल्या कराचं क्रेडिट मात्र हळूहळूच वळतं होतं, कारण समोरचा कर पाच वर्षांत विखुरलेला असतो. बाकीची मशीन विकून ते क्रेडिट वापरलं जातं, म्हणूनही सगळं भाड्यावर नेऊ नये. यंत्राच्या भाड्यावर ग्राहक २ टक्के टीडीएस कापेल, रोखीच्या अंदाजात तो धरा. मशीन तुमच्या ताळेबंदात राहतं, १५ टक्के घसारा तुम्हाला मिळतो. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्या वर्षी निम्मा.

बहुतेकांच्या नजरेतून सुटतं ते बँकेचं. फौंड्रीच्या शेडमधली सगळी यंत्रसामग्री तिच्या बँकेकडे तारण असते. उद्या खातं थकलं, जप्ती आली, तर तुमचं मशीन त्यांच्या यादीत जाऊन बसतं. त्यामुळे मशीनवर खिळलेली मालकीची पट्टी, सिरियल नंबर करारात, फौंड्रीच्या बँकेला पत्र आणि ‘या मशीनवर आमचा हक्क नाही’ असं बँकेचं उत्तर, हे मशीन उतरवण्याआधी. ग्राहक कंपनी किंवा एलएलपी असेल आणि दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, तर मालकी तुमची असली तरी स्थगितीच्या काळात मशीन उचलून आणता येत नाही. अनामत तीन महिन्यांची का, ते यातून कळावं. विम्याचंही तसंच: फौंड्रीच्या आगीच्या विम्यात तुमचं मशीन आपोआप येत नाही. तुमच्या पॉलिसीत त्या शेडचा पत्ता घाला, पुराचं संरक्षण आहे का ते वाचून घ्या.

कराराची मुदत पाच वर्षं, पहिली तीन वर्षं बांधील. मध्ये सोडलं तर उरलेल्या हप्त्यांचा तक्ता जोडा, महिनावार, म्हणजे घासाघीस उरत नाही. पाच वर्षांनंतर मशीन घ्यायचं असेल तर किंमतही आजच लिहा. शॉट आणि ब्लेडचे भाव स्टीलबरोबर हलतात, तेव्हा तासाच्या दराचा तो भाग दर सहा महिन्यांनी खरेदी बिलं दाखवून सुधारायचा. स्थिर रक्कम हलवायची नाही.

सुरुवात कशी करायची? तुमचीच, विकलेली, दोन-तीन वर्षं जुनी मशीन ज्या फौंड्र्यांत चालू आहेत त्यातल्या चार निवडा. स्वतःच्या खर्चाने सीटी आणि काउंटर लावा, सहा महिने तास, ब्लेड, शॉट, वाळूचे नमुने लिहा. मग त्यांनाच म्हणा: मशीन तुमचं, ब्लेड-केज-लाइनर-शॉट आणि माणूस आमचा, तासाला अमुक रुपये. यात भांडवल अडकत नाही, चुकलात तर दोन महिन्यांचा फटका. इथे तुमचा २९२ चा आकडा खरा किती आहे ते कळतं, आणि टेक्निशियनही तयार होतात. मग नवं मशीन.

समोरच्या दोन्ही फौंड्र्यांना लगेच ‘नाही’ म्हणायची गरज नाही. दोघांचं सध्याचं मशीन कोणत्याही मेकचं असो, त्यावर एक महिना मोजणी करून देतो म्हणा. जाताना वजनकाटा, चुंबक आणि पिशवी घेऊन जा. ज्यांच्या ताटात पाच ग्रॅमच्या आत वाळू उरेल, ज्यांचा सुपरवायझर स्वतः उभा राहून वजन बघेल आणि नोंदीवर सही करेल, ते पहिलं मशीन त्यांच्याकडे. दुसऱ्यांना आधी नॉकआउट आणि डस्ट कलेक्टर सुधारायला सांगा, त्यासाठी लागेल ती मदत करा, आणि तीन महिन्यांनी नमुना पुन्हा घ्या.